मांजर आलं का?

"कळविण्यास अत्यंत आनंद होतो की…"
नऊ वर्षं मी हेच लिहीत आले
वाल्दिवियात, नदीकाठच्या दुकानात,
जिथं आम्ही लोखंडी चुली विकतो,
धुराड्यांचे पाइप, त्यांचे गुडघे, टोप्या,
आणि काजळी काढायचे लांब दांड्याचे ब्रश.
दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
चौदाशे ग्राहकांना ईमेल.
आनंद नेमका कुणाला होत होता, कधी विचारलं नाही.
मला तर नव्हता.
श्यूलरसाहेबांच्या चेहऱ्यावर तो शेवटचा कधी दिसला
हे हिशेबनीसालाही सांगता आलं नसतं.

"सदर सवलत महिनाअखेरपर्यंतच.
तरी कृपया नोंद घ्यावी."
नोंद कुणी घेतली नाही.
पत्र उघडणाऱ्यांत एक मी, शुद्धलेखन तपासायला,
आणि एक माझा भाऊ, मी सांगितलं म्हणून.

मग जूनमध्ये, आमच्याकडे तो ऐन थंडीचा,
माझंच धुराडं पेटलं.
पाइपात आवाज होता,
लांबून ट्रक येतोय आणि पोचतच नाहीये, तसा.
बंबवाले आले.
एका पोरानं हेल्मेट काढून विचारलं,
"बाई, शेवटचं साफ कधी केलं होतं?"
मी गप्प.
"वर्षातून दोनदा साफ करा" हे वाक्य
मी किती वेळा लिहिलं, ते नंतर मोजलं.
एकशे आठ.

त्या मंगळवारी मी आनंद खोडला.
लिहिलं:
माझं नाव एदुविना कात्रिलेओ.
हे पत्र मी पाठवते, "व्यवस्थापन" नाही.
गुरुवारी माझं धुराडं जळालं.
साफ केलं नव्हतं. आळस म्हणा.
पडदे गेले. मांजर अजून घरी आलेलं नाही.
ब्रश नऊ हजार पेसोंना आहे.
पडदे त्याहून महाग होते.

बुधवारी रात्रीपर्यंत एकेचाळीस उत्तरं.
बावीस जणांनी एवढंच विचारलं:
मांजर आलं का?
कोरालच्या एकानं व्याकरणाची चूक दाखवली
आणि दोन ब्रश मागवले.
निएब्लाहून एक बाई लिहितात,
"ब्रश फिरवायचं काम ह्यांचं.
मार्चपासून मी एकटीच आहे.
शिडी भिंतीला तशीच टेकलेली.
कुणाला पाठवाल का?"

साहेबांच्या भाच्यानं लगेच
सान्तियागोहून सल्लागार बोलावला.
"पत्राला व्यक्तिमत्त्व हवं," तो म्हणाला,
आणि फळ्यावर लिहिलं: आपुलकी, तारुण्य, खोडकरपणा.
चुलीला नाव द्या, चुलीलाच बोलू द्या.
मांजर छान आहे, दर महिन्याला ठेवा.
मी म्हटलं, ते म्हातारं आहे,
दर महिन्याला पळून जायचं नाही.
तो हसला, आणि "खोडकरपणा"खाली रेघ ओढली.

इथं लोक सगळ्यावर कोथिंबीर भुरभुरतात,
शिळ्या रश्शावरसुद्धा.
रस्सा शिळा आहे हे पहिल्या घासाला कळतंच.

काल दुकान बंद करताना साहेब थांबले.
मासळीबाजारामागे समुद्रसिंह ओरडत होते
फुकटच्या मुंडक्यांसाठी.
साहेब म्हणाले, "लिही.
अठ्ठ्याण्णव सालापासून मी छतावर चढलेलो नाही.
ला उनियोनला एका घरावरून पडलो होतो.
धंदा धुराड्यांचा,
आणि आता स्टुलावर उभा राहिलो तरी पाय थरथरतात."
मी टाइप केलं.
म्हणजे ते टोप्या बसवायला नेहमी पोरांना पाठवत,
स्वतः खाली शिडी धरून उभे राहत,
आणि आम्ही म्हणायचो, म्हातारा कामचुकार आहे.

"खोड ते," म्हणाले.
"खोडू?"
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"निएब्लाच्या त्या बाईंकडे आधी माणूस पाठव,"
एवढं बोलून दिवे मालवायला गेले.

आज मंगळवार.
वाक्य जिथल्या तिथं आहे.
मी फक्त शुद्धलेखन तपासलं.